कर्नल टॉडची ‘कथलाची खाण’ : जावरविषयींच्या मजकुराचें परीक्षण

कर्नल जेम्स टॉड याच्या राजस्थानच्या इतिहासाचा पहिला भाग लंडन येथें १८२९ सालीं व दुसरा १८३२ सालीं प्रसिद्ध झाला. भाटांचीं कवनें, ख्याती, ताम्रपट, शिलालेख व दरबारच्या दप्तरांतील आंकडे यांचा त्यांत मोठा संग्रह आहे. आणि मराठ्यांविषयींचा ग्रंथकाराचा पूर्वग्रह वजा करूनहि त्या ग्रंथावांचून मेवाडच्या इतिहासाचें पान उलटत नाहीं. त्यांतील वंशावळींची व सनावळीची छाननी गौरीशंकर ओझा प्रभृति विद्वानांनीं केली आहे. परंतु त्याच ग्रंथांत मेवाडच्या खाणींविषयीं जो थोडा मजकूर आला आहे, त्याची छाननी निराळ्या साधनांनीं करावी लागते. कारण तेथें साक्ष देणारा कागद नसून खडक आहे. प्रस्तुत लेखांत तेवढ्याच मजकुराचें परीक्षण योजिलें आहे.

प्रथम स्थलनिश्चय करूं. टॉडचें जावर म्हणजे उदेपूरच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवरील, टिडी नदीच्या खोऱ्यांतील जावर. माळव्यांतील नबाबाचें जावरा निराळें, निमचजवळील जावद निराळें, आणि आपल्या ठाणें जिल्ह्यांतील (आतां पालघर जिल्ह्यांतील) जव्हार तर सर्वस्वी निराळें. मोडी कागदांत हीं नांवें एकमेकांच्या जागीं वाचलीं जाण्याचा संभव असल्यामुळें ही सूचना आरंभींच करून ठेवणें इष्ट वाटतें.

जावरविषयीं टॉडचीं विधानें मुख्यत्वें चार आहेत. पहिलें, तेथील खाणी कथलाच्या व रुप्याच्या होत. दुसरें, त्यांचा शोध राणा लाखा याच्या कारकीर्दींत लागला. तिसरें, तेथें सप्तधातु सांपडत अशी ख्याति आहे. सोन्यास आधार नाहीं, पण रुपें, कथील, तांबें, शिसें व सुरमा हीं विपुल निघत, आणि पहिलीं दोन एकाच खनिजांतून निघत. चौथें, संवत् १८१६ मध्यें, म्हणजे इ. स. १७५९-६० च्या सुमारास, जावरचें उत्पन्न २,२२,००० रुपये व दरिब्याचें सुमारें ८०,००० रुपये होतें. परंतु पुढें खाणकाम करणारी जातच नष्ट झाली, आणि मोगली अमदानींत राजकीय कारणास्तव असे धनाचे उगम झांकून ठेवण्यांत आले. हीं चार विधानें एकामागून एक पाहूं.

(१) धातु कोणती?

जावरच्या टेकड्या — मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला व बरोई — अरवलीच्या अतिप्राचीन थरांच्या बनलेल्या आहेत. या थरांचें वय दीड अब्ज वर्षांहून अधिक आहे. त्यांत फिलाइट, क्वार्ट्झाइट इत्यादि खडकांच्या जोडीला डोलोमाईट नांवाचा, चुनखडीच्या जातीचा परंतु मॅग्नेशियमयुक्त खडक आहे. भूकवचाच्या दाबाखालीं भोंवतालचे मऊ थर वांकले. डोलोमाईट ठिसूळ व कणखर म्हणून तो तडकला. त्या तडकलेल्या पट्ट्यांतच धातूच्या शिरा आढळतात. त्यांत मुख्य खनिजें तीन : जस्त व गंधक यांचें स्फॅलेराइट, शिसें व गंधक यांचें गॅलेना, आणि लोह व गंधक यांचें पायराइट. रुपें अल्प प्रमाणांत आहे व तें मुख्यत्वें शिशाच्या खनिजाच्या सोबतीनें येतें. कथलाच्या खनिजाची शीर मात्र जावरला नाहीं. आपल्या देशांत कथलाचें खनिज मुख्यत्वें सांपडतें तें बस्तरकडे, आणि तेंहि ग्रॅनाइटाशीं संबद्ध अशा पेग्मटाइट खडकांत, डोलोमाईटांत नव्हे.

हा पुरावा खडकाचा झाला. दुसरा पुरावा जावरच्या उकिरड्याचा आहे, आणि तो माझ्या मतें निर्णायक आहे. जावरच्या परिसरांत मातीच्या वापरलेल्या मुशींचे डोंगराएवढे ढीग पडलेले आहेत; तेथील अवशेषांचें वजन कांहीं लाख टनांच्या हिशेबानें मोजावें लागतें. जुन्या घरांच्या भिंती व बांधसुद्धां याच मुशींनीं रचलेले आहेत. कथील गाळावयास अशा मुशी कशाला हव्यात? कथलाचें खनिज कोळशाबरोबर साध्या भट्टींत घातलें असतां धातु पातळ होऊन तळाशीं जमते, कारण कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें आणि त्याची वाफ होण्यास फारच अधिक उष्णता लागते. जस्ताची गोष्ट उलट आहे. त्याच्या भाजलेल्या खनिजांतून धातु मोकळी होण्यास सुमारें १००० अंशांवर उष्णता लागते, आणि जस्ताची वाफ ९०७ अंशांलाच होते. म्हणजे धातु जन्मास येते तीच वाफेच्या रूपानें. आणि उघड्या भट्टींत त्या वाफेला हवा लागतांच पुन्हां तिची पांढरी राख होते. सबब बंद मुशींत खनिज तापवून वाफ थंड जागीं उतरविणें, हाच एक उपाय राहतो. जेथें मुशींचे डोंगर आहेत तेथें जस्तच गाळलें जात होतें, असें अनुमान केवळ या एका गोष्टीवरूनहि निघतें.

१९८३ सालीं हिंदुस्थान झिंक ही कंपनी, बडोद्याचें महाराजा सयाजीराव विद्यापीठ व ब्रिटिश म्युझियम यांच्या विद्यमानें जावर येथें उत्खनन झालें, तेव्हां हें अनुमान प्रत्यक्ष झालें. क्रॅडक, हेगडे, विलीज व गुर्जर या संशोधकांनीं तें काम केलें. सांपडलेल्या भट्ट्या ओळीनें सात सात होत्या. प्रत्येक भट्टीचे दोन मजले. मधोमध सच्छिद्र मातीच्या विटांचा पडदा. एका भट्टींत सहा सहांच्या सहा ओळींत ३६ मुशी उलट्या, तोंड खालीं करून, बसवीत. वरच्या मजल्यांत जाळ, खालच्यांत गारवा. मुशीची नळी पडद्याच्या भोंकांतून खालीं उतरे आणि जस्ताची वाफ तिच्यांत थंड होऊन थेंबाथेंबानें खालच्या भांड्यांत पडे. उलट्या मुशींतून माल सांडूं नये म्हणून खनिजाच्या लहान गोळ्या करून भरीत व मध्यें एक काटकी खोंवीत. काटकी जळून गेली म्हणजे तिच्या जागीं वाफेस वाट राही.

मग टॉड चुकला कसा? तो १८१८ ते १८२२ पर्यंत उदेपुरास पोलिटिकल एजंट होता. त्याच्या आधींच, १८१२-१३ च्या दुष्काळांत, खाण बंद पडली होती, असें कॅप्टन ब्रुक यानें १८५० सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत लिहिलें आहे. म्हणजे टॉडनें काम चालूं पाहिलें नाहीं. ऐकीव माहितीवर व दप्तरावर त्यानें लिहिलें. ब्रुकनें मात्र आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच जावरची खाण जस्ताची म्हटली आहे. शिवाय कथील व जस्त दोन्ही पांढरीं, दोन्ही मऊ आंचेला वितळणारीं. ही गफलत केवळ परक्याचीच होती असें नाहीं. आपल्या रसग्रंथांतहि जस्ताची ओळख कथलाच्या उपमेनेंच करून दिली आहे, हें पुढें दिसेल.

सुरम्याचेंहि तसेंच. आपल्या बाजारांत सुरमा म्हणून विकलें जातें तें पुष्कळदां शिशाचें गॅलेनाच असतें. तेव्हां जावरच्या ‘सुरम्या’वरून तेथें अँटिमनीची खाण होती असें म्हणणें धाडसाचें होईल. दरिब्याची गोष्ट निराळी आहे. तेथील शिरांत तांबें अधिक असून अँटिमनीयुक्त खनिजेंहि आढळतात. टॉडच्या सप्तधातूंच्या यादींत दोन भिन्न खाणींची मिसळ झाली असावी, असा माझा तर्क आहे.

(२) आईन-इ-अकबरीचा पाठ

याच संबंधांत एका पाठभेदाकडे हस्तलिखितांच्या संग्राहकांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. अबुल फजल यानें आईनमध्यें जस्ताचा स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि जुन्या तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत ही धातु आढळत नाहीं असेंहि तो म्हणतो. तिची खाण हिंदुस्थानांत कोठें आहे हें सांगतांना ब्लॉकमनच्या इंग्रजी भाषांतरांत अजमेर सुभ्यांतील ‘जालोर’ असें छापलें आहे. फारसी लिपींत जावर व जालोर यांत भेद एका ‘लाम’ अक्षराचा. जावर लिहितां लिहितां लेखकाच्या लेखणीनें एक लाम अधिक उतरला, अथवा वाचणारानें परिचित शहराचें नांव वाचलें, तर हा पाठ सहज निपजतो.

केवळ संदर्भानें येथें निर्णय होत नाहीं. कारण चितोडची सरकार व जालोर हीं दोन्ही अजमेर सुभ्यांतच मोडत. पण खडक निर्णय देतो. जालोरचा डोंगर ग्रॅनाइट व रायोलाइट या अग्निजन्य खडकांचा आहे. जावरसारखी शिसें-जस्ताची शीर वा मुशींचे ढीग तेथें नाहींत. म्हणून ‘जावर’ हाच पाठ ग्राह्य धरावा असें माझें मत आहे. ज्यांच्या संग्रहीं आईनच्या जुन्या प्रती असतील त्यांनीं हें स्थळ अवश्य ताडून पाहावें. पाठशुद्धीसाठीं आपण व्याकरण, छंद व अक्षरवटिका यांचा आधार घेतों. भूस्तरशास्त्राचाहि आधार घेतां येतो, याचें हें चांगलें उदाहरण होय.

(३) शोध कोणीं लावला?

राणा लाखा चौदाव्या शतकाच्या अखेरीस गादीवर होता. त्याच्या काळीं खाणीचा प्रथम शोध लागला हें विधान शब्दशः घेतां येत नाहीं. जावरच्या जुन्या खोदकामांत शिड्या व आधाराचीं लांकडें आढळलीं. त्यांतील कांहींचें वय किरणोत्सर्गी कार्बनाच्या रीतीनें काढलें असतां तें ख्रिस्ताच्या पूर्वींच्या शतकांपर्यंत मागें जातें. खडक तापवून तडकविण्यासाठीं लावलेल्या जाळाच्या काजळीनें माखलेल्या त्या गुहा लाखाच्या पणजोबालाहि जुन्या वाटल्या असत्या. लेखी पुरावाहि आहे. सामोली येथील शीलादित्याच्या काळच्या, विक्रम संवत् ७०३ (इ. स. ६४६) च्या शिलालेखांत, वटनगराहून आलेल्या एका महत्तरानें अरण्यकूपगिरींत आगर उघडलें व तें लोकांच्या उपजीविकेचें साधन झालें, असें म्हटलें आहे. हा गिरि म्हणजे जावरच, असें कांहीं अभ्यासक मानतात. तें सिद्ध झालेलें नसलें तरी मेवाडच्या डोंगरांत लाखाच्या साडेसातशें वर्षें आधीं खाणी उघडत होत्या, एवढें निर्विवाद आहे.

परंतु येथें दुसऱ्या टोंकाच्या अतिशयोक्तीचाहि निषेध केला पाहिजे. लांकडाचें वय दोन हजारांहून अधिक वर्षें निघालें, म्हणून जावरला तेव्हांपासून जस्त गाळलें जात होतें, असें अलीकडे कित्येक अभिमानी लेखक लिहितात. खाण जुनी असणें व जस्ताची भट्टी जुनी असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्याच शिरेंतून शिसें व रुपें काढतां येतें, आणि प्राचीन खाणकऱ्यांचें लक्ष त्यांवर असणें अधिक संभवनीय आहे. जस्ताच्या मोठ्या प्रमाणावरील भट्ट्यांचे जे अवशेष मिळाले ते सामान्यतः तेराव्या-चौदाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंतचे आहेत. लांकडाच्या तारखेनें भट्टीची तारीख ठरविणें म्हणजे पोथीच्या कागदावरून ग्रंथाची रचना ठरविण्यासारखें आहे.

हें ध्यानीं घेतलें म्हणजे टॉडच्या विधानांतील सत्यांश हातीं लागतो. मोठ्या प्रमाणावर जस्त काढण्याचा उद्योग आणि लाखाची कारकीर्द हीं जवळपास एकाच काळांत येतात. भाटांनीं ‘शोध’ म्हणून जें गाइलें तें नव्या उद्योगाच्या भरभराटीचें स्मरण असावें. पुढें महाराणा कुंभाची कन्या रमाबाई हिनें जावर येथें मंदिर व कुंड बांधविलें, आणि तिचा विक्रम संवत् १५५४ (इ. स. १४९७) चा शिलालेख उपलब्ध आहे. राजकन्येनें अरण्यांतील खाणीच्या गांवीं एवढें काम करावें, यावरून गांवाची त्या काळची योग्यता कळते. तेव्हां दंतकथा टाकून द्यावयाची नसते. तिचा शब्द बदलून घ्यावयाचा असतो.

येथेंच रसरत्नसमुच्चयाची साक्ष घेणें योग्य. हा ग्रंथ सामान्यतः तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. पुण्याच्या आनंदाश्रमानें तो छापलेला असल्यामुळें आपल्या वाचकांस तो दुर्लभ नाहीं. त्यांत रसक अथवा खर्पर, ज्यास आपण कलखापरी म्हणतों, त्यांतून ‘सत्त्व’ काढण्याची कृति आहे. हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, टांकणखार वगैरेंबरोबर तें खलून वृंताकमूषेंत, म्हणजे वांग्याच्या आकाराच्या मुशींत, भरावें; मुशीस बारा अंगुळें लांबीची, धोत्र्याच्या फुलासारखी नळी असावी; ज्वाळेचा रंग निळ्याचा पांढरा झाला म्हणजे सत्त्व येऊं लागलें असें समजावें. दुसऱ्या एका रीतींत मूस उलटी ठेवून खालीं पाण्याचें भांडें सांगितलें आहे. आणि निघणारें सत्त्व वंगासारखें, म्हणजे कथलासारखें, दिसतें असेंहि तेथें नमूद आहे.

रसवैद्यांचीं हीं वर्णनें कल्पित म्हणून सोडून देणाऱ्यांनीं जावरची एक मूस हातीं घ्यावी. वांग्याचा आकार व नळी हीं दोन्ही तेथें मातीचीं घडलेलीं आहेत. परंतु उलट दिशेनेंहि सावध राहावें. ग्रंथांत औषधासाठीं एक मूस आहे; जावरला एका भट्टींत छत्तीस आणि एका रांगेंत सात भट्ट्या, म्हणजे एका वेळीं २५२ मुशी. वैद्याच्या खोलींतून कारखान्यांत हें ज्ञान कसें गेलें, किंवा खाणकऱ्याकडूनच वैद्यानें तें कसें उचललें, हें ग्रंथांत नाहीं. पूर्वग्रंथ आधीं व कारागीर मागाहून, अशी आपली एक सवय आहे. ती येथें लागू करण्यास आधार नाहीं.

(४) उत्पन्न व नाश

टॉडचा खरा उपकार आहे तो संवत् १८१६ च्या आंकड्यांविषयीं. दोन्ही खाणी मिळून तीन लाखांवर रुपये! या रकमेची किंमत कळावी म्हणून त्याच ग्रंथांतील दुसरा आंकडा शेजारीं ठेवावा : १७३६ च्या सुमारास बाजीराव पेशव्याच्या वेळीं मेवाडनें मराठ्यांस द्यावयाची वार्षिक खंडणी १,६०,००० रुपये ठरली होती. म्हणजे खाणींचें उत्पन्न त्या खंडणीच्या जवळजवळ दुप्पट भरतें. मात्र हा आंकडा सरकारी वसुलाचा कीं एकंदर मालाच्या किंमतीचा, हें टॉडच्या शब्दांवरून ठरत नाहीं. आणि तोंपर्यंत त्यावरून मणांचे हिशेब मांडूं नयेत.

आतां नाशाचें कारण. मोगली अमदानींत हे धनाचे उगम लपवून ठेवले गेले, हें टॉडचें म्हणणें त्याच्याच आंकड्यानें खोडलें जातें. अकबराच्या चरित्रकाराला ठाऊक असलेली व १७५९-६० मध्यें लाखांनीं उत्पन्न देणारी खाण लपविलेली कशी म्हणावी? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील धामधूम, तींतील मराठी फौजांचा वांटा, आणि शेवटीं १८१२-१३ चा दुष्काळ, हीं कारणें अधिक पटतात. मराठ्यांच्या वांट्याचा दोष आपण झांकूं नये; पण त्या एका कारणावर सर्व भार टाकणेंहि इतिहासास धरून नाहीं. त्याच काळांत चीनचें जस्त ‘तुतेनाग’ या नांवानें समुद्रमार्गें आपल्या बंदरांत येत होतें, आणि इंग्लंडांत ब्रिस्टलच्या विल्यम चँपियन यानें १७३८ सालीं जस्त गाळण्याचें पेटंट मिळवून पुढें कारखाना काढला होता. डोंगरांत लांकूडकोळसा जाळून, खोल खोल जाणाऱ्या शिरेमागें लागून काढलेल्या मालास या जस्ताशीं स्पर्धा करणें सोपें नव्हतें. चँपियनची रीतहि वाफ खालीं उतरविण्याचीच होती. त्यावरून त्यानें ती जावरहून उचलली असें विधान पुष्कळदां वाचनांत येतें. साम्य खरें, पण साम्य म्हणजे कागद नव्हे. मधला दुवा दाखविणारें पत्र मिळेपर्यंत तो केवळ संभव मानावा.

टॉडच्या एका शब्दाचा एवढा ऊहापोह कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, ज्यानें केवळ टॉड वाचला त्याला जस्ताच्या इतिहासांत मेवाडचें नांव घालण्याचें सुचणारच नाहीं. वस्तुतः जस्त मोठ्या प्रमाणावर गाळल्याचीं जीं अति प्राचीन स्थळें जगांत ज्ञात आहेत त्यांत जावर अग्रगण्य आहे. १९८८ सालीं अमेरिकेच्या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेनें तसा गौरवाचा फलकहि दिला. ‘कथील’ या एका शब्दानें शेंकडों खाणकऱ्यांची व भट्टीवाल्यांची विद्या कागदावरून पुसली. ती पुन्हां दिसूं लागली तेव्हां तिचा साक्षीदार फुटकी मूस ठरली. आपल्या दप्तरांतहि जस्त, कथील, शिसें हीं नांवें जकातीच्या यादींत व कारखान्यांच्या हिशेबांत पदोपदीं येतात. तेथें धातूचें नांव जसेंच्या तसें न घेतां माल कोणत्या घाटानें वा बंदरानें आला, भाव काय पडला, कोणत्या कामीं लागला, हें ताडून मगच अर्थ करावा.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जावरची मूस उचलून आणून कपाटांत ठेवणें फार सोपें आहे. तशी ती कित्येकांनीं ठेवलीहि असेल. परंतु ढिगाच्या कोणत्या थरांतली ती, हें न लिहितां आणलेली मूस म्हणजे पुस्ती फाडून आणलेलें पान होय. अक्षर दिसतें, शक दिसत नाहीं. मुशींचे आकार काळानुसार बदलले आहेत, आणि थरांचा क्रम राहिला तरच त्यांवरून पांचशें वर्षांचा उद्योग वाचतां येईल. तें दप्तर उघड्यावर पडलेलें आहे व त्यास रखवालदार थोडे आहेत. टॉडनें कागद जपले म्हणून त्याची चूक आज आपणांस दुरुस्त करतां आली. ढीग जपले तर आपल्या चुका पुढच्यांना दुरुस्त करतां येतील.